ओव्हनची पाच गाणी, आणि उरलेली पाच

आधी काकांचं सांगते. पुढं मी जे लिहिणार आहे त्यात चिडचिडच जास्त आहे, आणि ती वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई उपकार विसरली. सातपूरच्या पावडर कोटिंगच्या ज्या कारखान्यात मी पहिल्यांदा कामाला लागले, तिथला ओव्हन काका सांभाळायचे. ते नसते तर मी पंधरा दिवसांत किनवटकडच्या आमच्या गावाला परत गेले असते. आणि एकदा गेले असते तर पुन्हा नाशिकला आले नसते, हे मला माझं पक्कं माहीत आहे.

लग्न करून इकडं आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. शिक्षण नववी, तेही अर्धवट. घरात एकाच्या पगारात भागेना म्हणून मीही कामाला लागले. काम सांगायला सोपं होतं. लोखंडाचे जॉब, म्हणजे रंगवायचे सुटे भाग, हुकांना टांगायचे, त्यांवर गननं रंगाची कोरडी पावडर मारायची आणि ट्रॉली ओव्हनमध्ये ढकलायची. दोनशे डिग्रीला वीस मिनिटं. लवकर काढलं तर रंग नखानं निघतो, उशीर केला तर पांढरा जॉब पिवळा पडतो. मला काकांच्या हाताखाली ओव्हनवर ठेवलं आणि तिथंच माझं घोडं अडलं. ओव्हनचा बझर बंद पडलेला होता. भिंतीवर घड्याळ होतं, पण ट्रॉली कितीला आत टाकली तेच मी विसरायची. मग विसरले या भीतीनं आणखी विसरायची. हातावर पेनानं लिहून बघितलं, घामानं ते पुसून जायचं. पहिल्या आठवड्यात तीन ट्रॉल्या पिवळ्या केल्या. सुपरवायझर काही बोलला नाही, नुसता बघून गेला. त्या बघण्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

काकांनी घरून एक लाल स्पीकर आणला. पेन ड्राइव्ह लावायचा, डब्यासारखा चौकोनी. ओव्हनशेजारच्या खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "ट्रॉली आत गेली की हा चालू करायचा. पाचवं गाणं संपलं, शेवटचा ढोल वाजला, की दार उघडायचं. घड्याळाकडं बघायचंच नाय."

"आणि विसरले तर?"

"कान कसे विसरतील? ते काय तुझे एकटीचे हायत? सगळी शिफ्ट ऐकतीय."

ती गाणी म्हणजे एका मराठी रॉक बँडचा पहिलाच अल्बम होता. बँडचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहेच. तेव्हा कॉलेजच्या पोरांत त्याचा बोलबाला होता आणि पेपरांत कौतुक यायचं. काकांकडं तो कसा आला, तर त्यांच्या घरी भाड्यानं राहिलेल्या एका विद्यार्थ्यानं भरून दिला होता. आता भात लावणाऱ्या घरातला, इगतपुरीकडचा, पन्नाशीचा माणूस रॉक कशाला लावेल, असं कुणालाही वाटेल. कारण साधं होतं. आमच्या शेडमध्ये गनला हवा पुरवणारा कंप्रेसर होता, दिवसभर धडधडणारा. काकांनी आधी भजनं लावून बघितली होती, मग जुनी सिनेमाची गाणी. कंप्रेसरनं सगळी गिळली. "हे मात्र त्याच्या वरून येतं," ते म्हणायचे. "गाणं कसं हाय ते जाऊ दे. ऐकू येतं ना?"

ट्रॉली हलवताना स्पीकर बंद ठेवायचा नियम होता, कारण कुणी ओरडलं तर ऐकू आलं पाहिजे. आणि तो स्पीकर बंद करून चालू केला की पहिल्या गाण्यापासूनच सुरू व्हायचा. म्हणजे ट्रॉली आत, पाच गाणी, बंद. पुन्हा ट्रॉली, पुन्हा तीच पाच गाणी. दिवसात पंधरा-सोळा वेळा. मी तिथं सहा वर्षं काढली. जॉब पिवळा पडला नाही, असं म्हणत नाही, पण माझ्या विसरण्यानं पडला नाही. पुढं अंबडला मोठ्या प्लांटमध्ये गेले. आता तिथं ओव्हन लाइनची इन्चार्ज आहे. सगळं आपोआप चालतं, जॉब साखळीवरून एकीकडून आत जातो आणि दुसरीकडून बाहेर येतो. गाणं लागत नाही.

काका रिटायर होऊन गावी गेले. वर्षातून एकदा मी जाऊन येते. मागच्या खेपेला गेले तर कानात मशीन. बोलताना माझ्या ओठांकडं बघत होते. काकू म्हणाल्या, "आता टीव्ही पण नुसता बघतात."

काकांनी पेपरचं एक कात्रण पुढं केलं. त्यात आमच्या त्या अल्बमबद्दल आलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी अजून तसाच ताजा वाटतो, वगैरे.

"खरं हाय का हे?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय काका त्यातलं?"

"तुझ्याइतकं कुणी ऐकलंय? मला आता गाणं लावलं का डब्यात खिळे हलवल्यागत येतं. म्हणून तू ऐक, आन् मला सांग." मग कानाच्या मशीनला बोट लावून हसले. "डॉक्टर म्हणतो आवाजानं गेले. कंप्रेसरनं गेले का त्या लाल डब्यानं, देवाला ठाऊक. डब्यानं गेले असतील तर निदान गाणी चांगली होती का, तेवढं कळू दे."

ते हसले, मला हसू आलं नाही. कारण स्पीकरचा आवाज मोठा असायचा तो माझ्यामुळं. मी ओव्हनच्या पलीकडच्या बाजूला उभी असायची, मला ऐकू यावं म्हणून काका तो पूर्ण फिरवून ठेवायचे. आणि ते स्वतः त्याला खेटून बसायचे. मी म्हणाले, सांगते. नीट ऐकून सांगते.

आता नीट ऐकायचं म्हणजे कसं? मोबाइलवर लावलं तर पहिल्या गाण्यालाच माझा जीव वर-खाली व्हायला लागला. काहीतरी आत टाकलंय आणि मी इथं बसलेय, असं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा बंद केलं. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला एक इंजिनिअर मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होते, ते तिनं ओळखलं. "ताई, तुम्ही हे ऐकता?" असं म्हणाली, जसं मी तिला पोहून इंग्लंडला जाऊन आले असं सांगितलं होतं. कॉलेज रोडच्या एका कॅफेत ती आणि तिचे मित्र महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जमतात. एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतात आणि मग चर्चा करतात. पुढच्या रविवारी नेमका हाच होता. विषय काय, तर 'अजून टिकलाय का?'

"तुम्ही याच," ती म्हणाली. "आमच्यात तेव्हाचं कुणीच नाहीये."

मी गेले. काय घालावं यात अर्धा तास घालवला आणि शेवटी कामावर जाताना घालते तोच ड्रेस घातला. वीसेक मुलं होती. कॉफीचा मग इतका मोठा की दोन्ही हातांनी धरावा लागला. एकानं थोडी माहिती दिली. गाणारा आणि गिटारवाला दोघंही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, आणि आता बँड मोडून गाणारा कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मग मोठे स्पीकर लागले आणि सगळे गप्प झाले.

कंप्रेसर नव्हता. एवढं एकच वेगळं होतं, पण त्यानं सगळं उघडं पडलं. मी ज्याला सहा वर्षं चांगला दांडगा बाप्या समजत होते, ते कोवळं पोरगं निघालं. आवाज वर नेताना तो चिरकत होता. दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतलेला ऐकू येत होता. ज्या जागा मला भरलेल्या वाटायच्या त्या कंप्रेसरनं भरलेल्या होत्या, बँडनं नाही. दुसऱ्या गाण्यात तो कुठल्यातरी मुलीवर रागावलाय. इतकी वर्षं मला वाटायचं, हिनं काय केलं असेल याचं. नीट ऐकलं तर तिनं काही केलेलंच नाही, फक्त ह्याच्याकडं बघितलं नाही. एवढ्यासाठी चार मिनिटं.

आणि तिसरं, ते शाळेचं. या अल्बमचं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच. शाळेत नुसतं घोकून घेतात, म्हणून मी भिंतीवरून उडी मारली आणि मोकळा झालो, असं काहीसं आहे. हे गाणं मी किती वेळा म्हणलं असेल ते विचारू नका. कुठल्याही फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आला की मनात हेच लागायचं. कुणी विचारलं, का सोडली शाळा, तर मी मान उडवून सांगायची, मला नाही पटलं. जसं काही माझं आणि शाळेचं भांडण झालं होतं. खरं असं आहे की मला कुणी काढलं नाही, आणि मी उडीही मारली नाही. आमच्या शाळेला भिंतच नव्हती, तारेचं कुंपण होतं, तेही अर्धं. सहामाहीला गणितात नापास झाले, पेपर वर्गात वाटले तेव्हा सगळ्यांनी बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून लाजेनं गेलेच नाही. घरच्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तर या गाण्यानं मला एक खोटं कारण दिलं आणि ते मी ताठ मानेनं वापरलं. आणि ते देणारा कोण, तर डिग्री घेऊन, प्लेसमेंट बघून मग भिंतीवरून उडी मारणारा. कॅफेत बसल्या बसल्या मला त्याचा इतका राग आला की हातातला कॉफीचा मग खाली ठेवावा लागला. आजूबाजूची पोरं डोळे मिटून मान हलवत होती. सगळ्यांच्या डिग्र्या झालेल्या.

पाचवं गाणं संपलं. शेवटचा ढोल वाजला आणि मी उभी राहिले.

मी उभी राहिले हे मला उभी राहिल्यावर कळलं. उजवा हात पुढं, ओव्हनचं दार उघडण्याआधी हातमोजा ओढायला असतो तसा. वीस जणांनी माझ्याकडं बघितलं. ती इंजिनिअर मुलगी हळूच म्हणाली, "ताई, वॉशरूम तिकडे, डावीकडे."

मी खाली बसले. तोंड तापल्यासारखं झालं होतं. आणि तेवढ्यात सहावं गाणं सुरू झालं.

मला सहावं गाणं आहे हेच माहीत नव्हतं. म्हणजे, असणार हे कुणालाही कळलं असतं, पण मी कधी तसा विचारच केला नव्हता. माझ्या लेखी अल्बम पाच गाण्यांचा. तो संपतो, दार उघडायचं, तोंडावर वाफ येते. काका मला म्हणाले होते, तुझ्याइतकं कुणी ऐकलंय, आणि मी अर्धंच ऐकलेलं होतं. या विसातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा पाच गाणी जास्त येत होती. मी चोरून आल्यासारखी बसून राहिले.

आता कुणाला वाटेल की पुढची पाच फार भारी निघाली असतील. तसंही नाही. सहावं कंटाळवाणं. सातवं म्हणजे दुसऱ्याचीच चाल फिरवून घेतलेली. नवव्यात गिटारवाला एकटाच वाजवत सुटलाय, त्याला कुणी थांबवलं नाही. दहावं मोठ्यानं सुरू होतं आणि मोठ्यानंच संपतं. पण आठवं. आठव्यात ढोल नाही, जवळजवळ काहीच नाही. एक माणूस शहरात भाड्यानं खोली शोधतोय. घरमालक विचारतात, गाव कुठलं, सोबत कोण. तो दर घरी थोडं वेगळं उत्तर देतो. एवढंच. आवाज इतका खाली की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. तिथं तो पोरगा ओरडत नव्हता, त्यामुळं खोटाही वाटत नव्हता.

मग चर्चा. एक म्हणाला प्रॉडक्शन जुनाट वाटतं, दुसरी म्हणाली पण ऊर्जा अस्सल आहे. मग सगळे माझ्याकडं वळले. "ताई, तुम्हाला काय वाटतं? टिकलाय का?"

 शाळेचं गाणं मी का म्हणायचे, हे या पोरांसमोर कसं सांगणार? मी आपलं घाबरून म्हणाले, "आमच्याकडं रंग टिकला का ते थिनरचा बोळा घासून बघतात. लांबून बघून कळत नाही."

सगळे एकदम वा, वा करायला लागले. एकानं मोबाइलवर ते लिहून घेतलं आणि तिथल्या तिथं कुठंतरी टाकलं. मला सांगायचं होतं ते राहिलंच होतं, आणि त्यांच्या मते मी सगळ्यात चांगलं बोलले होते. रिक्षात बसल्यावर मी स्वतःवरच दातओठ खात होते. चार ओळी धड बोलता येत नाहीत, आणि ज्या येतात त्या भलत्याच कामाला जातात.

पुढच्या सुट्टीला एसटीनं काकांकडं गेले. फोनवर त्यांना कळत नाही, समोर बसूनच सांगावं लागतं, आणि मोठ्यानं. ओसरीवर बसून मी अल्बमचा निकाल ओरडून सांगत होते आणि शेजारच्या अंगणातली बाई तांदूळ पाखडायचं थांबवून ऐकत होती.

"शाळेचं गाणं खोटं आहे, काका."

"मग तवा का नाय बंद केलं?"

"तेव्हा आवडायचं."

"मग तवा खरं व्हतं म्हण की."

"नाही. तेव्हाही खोटंच होतं. मला ते हवं होतं म्हणून चाललं."

त्यांनी मान हलवली. पटलं की ऐकू आलं नाही, कळेना. काकू आतून म्हणाल्या, "अगं, चहा घे आधी, घसा बसंल तुझा."

मी सांगितलं, पहिल्या पाचांचं मला काही सांगता येणार नाही. ती चांगली की वाईट हे मी कसं ठरवू? माझे पाय अजून त्यांवर उठतात. आणि काका, मला माफ करा, पण उरलेली पाच मी कधी ऐकलीच नव्हती. त्यात चांगलं एक आहे फक्त. आठवं.

काका एकदम पुढं सरकले. "खोलीवालं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला नाय माहीत? त्याच्यासाठीच तर मी त्या भाडेकरू पोराकडनं भरून घेतलं. रविवारी घरी तेवढंच लावायचो. इचार हिला."

"हो, लावायचे," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे, हा माणूस आजारी हाय का?"

"मग आम्हाला का नाही ऐकवलं कधी?"

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं हिला एवढंही कळत नाही. "तिथं कंप्रेसरापुढं? लय हळू हाय ते. ऐकू आलंच नसतं."

 सहा वर्षं या माणसानं दिवसाला पंधरा वेळा ती पाच गाणी कानाला लावून घेतली होती, आणि त्याचं आवडतं त्यात एकही नव्हतं.

"दहात एक," काका म्हणाले. "एका गाण्याला दोन कान. महागात गेलं, पोरी." आणि स्वतःच हसले. मग विचारलं, "शेवटच्या घरी तो काय सांगतो गं? गाव कुठलं म्हणून इचारल्यावर? मला आठवंना झालंय."

मला सांगता आलं नाही. मी एकदाच ऐकलं होतं, तेही लाज वाटत असताना. मोबाइल काढला, गाणं लावलं, आवाज पूर्ण केला आणि त्यांच्या कानाच्या मशीनजवळ धरला. त्यांनी डोळे बारीक केले. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत ते तसेच बसले, मग हात वर करून थांबवायला सांगितलं. "खिळे," म्हणाले. "ऱ्हाऊ दे." मी स्वतः ऐकून सांगायला गेले, तर शेवटच्या कडव्यात तो पोरगा शब्द इतके पुटपुटतो की मलाही लागेनात. तीनदा मागं घेऊन ऐकलं. शेजारची बाई हसायला लागली. शेवटी काकाच म्हणाले, "चहा गार झाला तुझा."

परतीच्या गाडीत मी घोटी येईपर्यंत ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकली. एक शब्द लागतो, पुढचा निसटतो. इंटरनेटवर त्या शाळेच्या गाण्याचे बोल शंभर ठिकाणी आहेत, याचे कुठंच नाहीत. घरी आल्यावर वही घेतली आणि लिहायला बसले, तर आणखी एक अडचण. शब्द लिहीन कसेबसे, पण ते किती हळू आहे हे कसं लिहायचं? दुसऱ्या घरानंतर गिटार एकदा वाजून थांबते, ते कुठल्या अक्षरात घालायचं? तीन पानं फाडली. माझं अक्षर अजून नववीतलंच आहे, तेवढ्याच आकाराचं.

पण काका वाचू शकतात. डोळे चांगले आहेत त्यांचे, चष्मा लावून पेपर पूर्ण वाचतात. त्या इंजिनिअर मुलीला मी सांगून ठेवलंय, तुझ्या मित्रांत कुणाला शेवटच्या कडव्याचे शब्द लागतात का बघ. लागायला वेळ लागेल, मला लिहायला त्याहून जास्त लागेल. तरी काका, ते आठवं गाणं मी तुम्हाला पूर्ण लिहून देणार आहे, प्रत्येक घरासकट, आणि तो शेवटच्या दारात काय सांगतो त्यासकट. मोठ्या अक्षरात लिहीन. स्वतः घेऊन येईन, आणि तुमचं वाचून होईपर्यंत ओसरीवर गप्प बसेन.